रेघ दिसेना तेव्हा

किल्लारीचा भूकंप झाला ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे. तेव्हापासून लातूर-नांदेडकडे जमीन जरा हलली, की माणसे विचारतात, "यंत्रावर काय दिसले?" पण यंत्राने कंप टिपला तरी युनिक्स संगणकावर रेघ उमटेलच असे नाही. मोजणी एका संगणकात चालते, पडदा दुसऱ्याच मेजावर. चित्र कुठे काढायचे, हे 'डिस्प्ले' या नावाखाली लिहावे लागते. पाकिटावरचा पत्ताच म्हणा ना! गंमत अशी, की या 'एक्स' पद्धतीत सर्व्हर म्हणतात तो पडद्याजवळच्या प्रोग्रामला. पोरे इथेच हमखास गोंधळतात. वैतागून 'एक्सहोस्ट अधिक' ही आज्ञा मात्र देऊ नये. दार सगळ्यांनाच उघडे होते. 'एसएसएच'ला 'वजा एक्स' जोडावे, एक्स मोठ्या लिपीतला. दूरच्या संगणकावर तशी मुभा असली म्हणजे पत्ता तोच लिहितो, आणि रेघ चालू लागते.