जळगांवचा बजरंग बोगदा : लहान पुलांच्या कालनिर्णयाचीं साधनें

जळगांव शहरांत पिंप्राळ्याच्या बाजूस लोहमार्गाखालून जो रस्ता जातो, त्यास लोक 'बजरंग बोगदा' म्हणतात. वस्तुतः हा बोगदा नव्हे. डोंगर पोखरून काढलेली वाट ती बोगदा. येथें वरून रूळ व खालून रहदारी, म्हणजे हा पूलच होय. लोकांच्या बोलण्यांतला शब्द दप्तरांत आढळेलच असें नाहीं. म्हणून शोधकानें कागद चाळतांना 'पूल' व 'मोरी' हे शब्दही पाहावे.

असल्या पुलांवर बहुधा शिलालेख नसतो. मग काल कसा ठरवावा? पहिलें साधन मार्गाचा इतिहास. ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वेचा थळघाट १ जानेवारी १८६५ रोजीं खुला झाला व खानदेश मुंबईस सलग जोडला गेला. त्याच सुमारास अमेरिकेंतील यादवीमुळें (१८६१-६५) कापसास अपूर्व भाव आला आणि जळगांवची पेठ वाढली. पुढें १९०० च्या सुमारास अमळनेरकडून सुरतेचा मार्ग येथें येऊन मिळाला. तेव्हां जळगांवांतील कोणताही लोहमार्ग-पूल पाहतांना तो या दोहोंपैकीं कोणत्या मार्गाचा, हें प्रथम निश्चित करावें.

दुसरें साधन बांधकाम. रूळ वाढले कीं जुन्या पुलास लागून नवा भाग जोडावा लागतो. अशा ठिकाणीं भिंतींत उभा सांधा दिसतो. त्याच्या दोहों बाजूंचा दगड, घडाई व दर्जांतील चुना किंवा सिमेंट यांत फरक असतो. एकच पूल म्हणून ज्याकडे आपण पाहतों, तो कधीं कधीं दोन-तीन पिढ्यांचा असतो. त्यास एकच साल लावणें सयुक्तिक नाहीं.

तिसरें साधन क्रमांक. हल्लीं पुलाचा क्रमांक किलोमीटर व त्यांतील अनुक्रम यांवरून देतात. पूर्वीं हें मोजमाप मैलांचें होतें. म्हणून जुन्या नकाशांतील क्रमांक आजच्या क्रमांकाशीं जुळला नाहीं, तर पूल निराळा समजूं नये. आधीं मैलांचे किलोमीटर करून पाहावे.

चवथें साधन कागद. इ. स. १८४९ च्या करारानें कंपनीस लोहमार्गाची जमीन सरकारनें द्यावयाची होती. अर्थात् जमीन घेण्याचा व्यवहार महसूल खात्याच्या हातचा. त्या काळीं खानदेश हा एकच जिल्हा असून त्याचें मुख्य ठाणें धुळें होतें. पूर्व व पश्चिम असे दोन भाग १९०६ सालीं झाले. यास्तव जळगांवच्या पुलाचा आरंभींचा पुरावा जळगांवांतच शोधणें अपुरें होय. कोणत्या शेताची किती जमीन गेली, मूळची वाट कोठून होती, हें कळण्यास धुळ्याच्या दप्तराकडे वळलें पाहिजे. वाट आधींची कीं पूल आधींचा, हा मुख्य प्रश्न सुटला तर त्याच कागदांनीं सुटेल.

हें काम लांबणीवर टाकण्याजोगें नाहीं. जळगांवांतील शिवाजीनगरचा लोहमार्गावरील जुना पूल २०१९ सालीं पाडण्यांत आला. बजरंग बोगद्यांत पावसाळ्यांत पाणी सांचून रहदारी अडते. अशा जागीं फेरफार होणें अपरिहार्य असून तो नागरिकांच्या सोयीचाही आहे. परंतु सांधा एकदां गिलाव्याखालीं गेला कीं तो वाचतां येत नाहीं. सनदा व बखरी जपणाऱ्यांनीं या मुक्या दगडांचींही मापें व छायाचित्रें वेळींच घेऊन ठेवावीं.