रोज बुडाला तर?

वाशीम जिल्ह्यात सोयाबीनची सोंगणी बहुतेक एकराच्या गुत्त्यावर होते. जोडीतला एक तापाने पडला की दुसऱ्याचाही गुत्ता अडतो. भरपगारी रजा शेतात नसते.

दवाखान्याचा खर्च महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेतून भागू शकतो : कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंत, तेही योजनेतल्या रुग्णालयात आणि ठरलेल्या उपचारांसाठीच. भरती होतानाच तिथल्या आरोग्यमित्राला गाठावे. घोडे अडते ते रेशनकार्डावर. लग्न होऊन आलेल्या सुनेचे नाव माहेरच्या कार्डातून कमी केलेले, सासरच्या कार्डात चढवायचे राहिलेले! हे काम आजारपणाआधी तहसीलमधून उरकून घ्यावे.

बुडालेली मजुरी मात्र ही योजना देत नाही. उशाशी बसणाऱ्याची तर नाहीच. क्षयरुग्णाला निक्षय पोषण योजनेतून उपचार चालू असेपर्यंत महिन्याला १,००० रुपये मिळतात (नोव्हेंबर २०२४ पूर्वी ५००), पण ते आहारासाठी. आजच्या किराणा भावात ते किती पुरणार, हे वेगळे सांगायला नको.

शेतमजुराला बांधकाम कामगार मंडळाचाही आधार मिळत नाही : तिथल्या नोंदणीला आधीच्या वर्षभरात ९० दिवस बांधकामावर राबल्याचा दाखला लागतो. सोंगणीचे दिवस त्यात धरत नाहीत.