राखेतून रोप : नम्रता आणि मनपरिवर्तन



खालापूर तालुक्यातील लोधिवली परिसरात किंवा शेजारच्या कर्जत तालुक्यात उन्हाळ्यात फिरताना शेतांमध्ये ठिकठिकाणी काळे चौकोन दिसतात. पालापाचोळा, वाळलेल्या फांद्या, गवत आणि शेण जमिनीवर पसरून शेतकरी ते भाजतो. यालाच राब म्हणतात. तण आणि तणाचे बी जळून जाते, राख मातीत मिसळते आणि पहिल्या पावसाच्या सुमारास त्याच जागी भाताचे बी पेरले जाते.

राब भाजण्याची तयारी सुरू होते त्याच दिवसांच्या आगेमागे, फेब्रुवारी वा मार्च महिन्यात, पवित्र ख्रिस्तसभा राखेच्या बुधवारी आपल्या कपाळाला राख लावते. परंपरेनुसार ही राख मागील वर्षी झावळ्यांच्या रविवारी आशीर्वादित केलेल्या झावळ्यांची असते. गतवर्षी ज्या आपण उंच धरून मिरवल्या, त्यांचीच ती राख! प्रायश्चित्तकाळाचा अर्थ समजून घेण्यासाठी आपल्या पंचक्रोशीतील शेतकऱ्याकडे पाहिले, तर पुष्कळसे उलगडते.

नम्रतेला लॅटिन भाषेत जो शब्द आहे त्याचे नाते 'हुमुस' म्हणजे माती या शब्दाशी आहे. मराठीतील 'नम्र' हा शब्द वाकणे या अर्थाच्या धातूपासून आला. भातलावणीच्या वेळी या दोन्ही गोष्टी एकत्र दिसतात, पाय चिखलात आणि पाठ वाकलेली. राबातील रोपे उपटून जुड्या बांधून दुसऱ्या खाचरात लावली जातात. उपटल्याशिवाय त्यांना नीट दाणा भरत नाही. आणि लावणीनंतरचे काही दिवस ती पिवळसर, मलूल दिसतात. म्हणून कोणी शेतकरी ती पुन्हा उपटून मुळे धरली की नाही हे पाहत बसत नाही.

अशा उपटून लावलेल्या जीवनाचे उदाहरण आपल्याच कोकणपट्टीत आहे. संत गोन्सालो गार्सिया यांचा जन्म सोळाव्या शतकात वसई येथे झाला. येशूसंघीय धर्मगुरूंबरोबर ते तरुणपणीच जपानला गेले, तेथील भाषा शिकले आणि धर्मशिक्षक म्हणून त्यांनी अनेक वर्षे सेवा केली. येशूसंघात प्रवेश मिळावा ही त्यांची इच्छा होती. ती पूर्ण झाली नाही. पुढे ते व्यापारात शिरले आणि यशस्वी झाले. येथे त्यांची कथा संपली असती, तर कोणी त्यांना दोष दिला नसता. परंतु मनिला येथे त्यांनी व्यापार सोडून फ्रान्सिस्कन संघात प्रवेश केला, तोही धर्मगुरू म्हणून नव्हे, तर साधा बंधू म्हणून. 1593 साली फादर पीटर बॅप्टिस्ट यांच्याबरोबर ते दुभाषी म्हणून जपानला परतले. दुभाष्याने दुसऱ्याचे शब्द पोहोचवायचे असतात, स्वतःचे नव्हे. 5 फेब्रुवारी 1597 रोजी नागासाकी येथे 26 जणांना क्रुसावर मरण आले, त्यांत ते होते. 1862 साली पोप नववे पायस यांनी त्यांना संतपद बहाल केले.

आम्हाला त्यांच्या हौतात्म्याइतकाच महत्त्वाचा वाटतो तो त्याआधीचा नकार. एकदा नाही म्हटले गेलेला माणूस बहुधा आयुष्यभर ती सल जपतो. गोन्सालो यांनी ती जपली नाही. मिळाली ती खालची जागा त्यांनी स्वीकारली.

आपले नकार याहून फार लहान असतात. वीस वर्षे मिस्सेत वाचन करणाऱ्याला एखादा युवक उच्चार सुधारून देतो, कारखान्यात नव्याने आलेली मुलगी नवे यंत्र आपल्याहून लवकर शिकते, सून स्वयंपाकघरातील मांडणी बदलते. अशा क्षणी आपल्या तोंडून काय निघते, यावर नम्रतेची परीक्षा होते. "मी तर पामर" असे म्हणणे सोपे आहे. देणगीदारांच्या फलकावर नाव राहून गेले की हाच पामर कार्यालयात जाऊन भांडतो, हेही आम्ही पाहिले आहे. (आम्ही स्वतःही त्यातून सुटलेलो नाही.)

आणखी एक गोष्ट आपल्या भागापुरती. पावसाळ्यात रानभाज्या विकायला दारात येणाऱ्या ठाकूर किंवा कातकरी समाजातील वृद्ध मावशींना आपण कसे संबोधतो? "ए, कशी दिली गं?" असे आपल्या आईच्या वयाच्या स्त्रीला म्हणून, दोन रुपयांसाठी घासाघीस करून, संध्याकाळी आपण रोझरी म्हणतो. पवित्र मरिया स्वतःला प्रभूची दासी म्हणवते, याचा विचार तेव्हा मनात येत नाही. प्रभू येशूने शिष्यांचे पाय धुतले ते गुलामाचे काम म्हणूनच पेत्राला सोसवेना.

मात्र येथे एक खुलासा केला पाहिजे. नम्रता म्हणजे अन्याय मुकाट्याने सोसणे नव्हे. मारहाण सोसणाऱ्या पत्नीला किंवा मजुरी बुडवलेल्या कामगाराला "नम्र राहा" असा उपदेश करणे हा शुभवर्तमानाचा गैरवापर आहे. प्रभू येशूला मुख्य याजकासमोर चपराक बसली तेव्हा त्याने त्याचे कारण विचारले होते. वाकायचे आहे ते ज्याच्या हाती अधिकार, पैसा किंवा आवाज आहे त्याने आधी.

मनपरिवर्तनाची रोजची साधने ख्रिस्तसभेने आपल्याला दिलेली आहेत. मिस्सेच्या प्रारंभी आपण सर्वांसमक्ष स्वतःची चूक कबूल करतो आणि छाती पिटतो, शेजाऱ्याची नव्हे. लोयोलाचे संत इग्नेशिअस यांनी शिकवलेल्या आत्मपरीक्षणाला रात्री दहा मिनिटे पुरतात: प्रथम दिवसाबद्दल परमेश्वराचे आभार, मग कोठे चुकले याची आठवण, मग उद्यासाठी एकच निश्चय. एकच, कारण दहा निश्चय सकाळपर्यंत टिकत नाहीत. दिवंगत पोप फ्रान्सिस कुटुंबांना तीन शब्दांची वारंवार आठवण करून देत: विचारणे, आभार मानणे, क्षमा मागणे. त्यांतील तिसरा शब्द आपल्याकडे वडिलांच्या तोंडून मुलांसाठी सहसा निघत नाही. तो एकदा निघाला, तर मुले तो प्रवचनापेक्षा जास्त काळ लक्षात ठेवतात.

पास्काच्या सणापूर्वी चर्चमध्ये पापनिवेदनासाठी रांगा लागतात. वेदीपाशी अर्पण ठेवून आधी भावाशी समेट करून ये, असे प्रभूने सांगितले आहे. बांधावरून अबोला धरलेला भाऊ किंवा रागाने घर सोडून गेलेला मुलगा ज्यांच्या घरी असेल, त्यांनी रांगेत उभे राहण्यापूर्वी एकदा तिकडे जाऊन यावे. रांग तेवढ्यात संपत नाही.