काठीचा कर्ता कोण ?

बिलियर्डच्या कुळांतील ‘पूल’ हा खेळ अमेरिकेंत फार लोकप्रिय आहे. त्यांत चेंडू मारण्याची जी निमुळती काठी, तिला ‘क्यू’ म्हणतात. साध्या क्यू कारखान्यांत होतात. पण कसलेले खेळाडू आपल्या हाताला जुळेल अशी काठी नामांकित कारागिराकडून मुद्दाम घडवून घेतात. अशी एकादी जुनी, निराळ्या धाटणीची काठी हातीं येते. तिच्यावर सही नसते. मग ती घडविली कोणी ? उत्तरावर तिची किंमत अवलंबून असते, आणि एकाचें श्रेय दुसऱ्याच्या पदरांत पडण्याचें भयही असतें.

प्रथम डोळ्यांत भरते ती नक्षी : फिकट मेपल लांकडांत शिरलेलीं गडद लांकडाचीं टोकदार पातीं. परंतु हीच खूण फसवी. १९१२ सालीं रशियांत जन्मलेले व १९२४ सालीं अमेरिकेंत आलेले जॉर्ज बालाबुष्का यांनीं १९५९ पासून १९७५ मधील आपल्या निधनापर्यंत क्यू घडविल्या. या कलेंत त्यांचें नांव अग्रभागीं घेतलें जातें. तरीही पातीं बसविलेला लांकडी गाभा ते पुष्कळदां इतरांचा वापरीत. आरंभीं ब्रन्सविक कंपनीच्या ‘टायटलिस्ट’ काठीचा, पुढें बर्टन स्पेन व गस झँबोटी यांचा. तोच ‘टायटलिस्ट’ गाभा शिकागोचे हर्मन रॅम्बो यांच्या काठ्यांतही आढळतो. म्हणजे नक्षीवरून फार तर गाभा कोणाचा हें कळेल, काठी कोणाची हें नव्हे.

म्हणून जाणकार काठीचे दोन भाग उलगडून सांधा पाहतात. मळसूत्राची जाडी किती, आटे किती, सांध्याची कडी कशाची, हें ते मोजतात. मग शोभेच्या कड्यांची रचना व बुडाची टोपी तपासतात. मुठीवरील सुताचें वेष्टण व पुढचा दांडा मागाहून बदललेला असूं शकतो, म्हणून त्यांची साक्ष दुबळी. शेवटीं, जिच्या कर्त्याविषयीं वाद नाहीं अशा काठीशीं तिची तुलना करतात, आणि ती कोणाकडून कोणाकडे आली याचा माग घेतात.

१९८६ सालच्या ‘द कलर ऑफ मनी’ या चित्रपटांत एक क्यू ‘बालाबुष्का’ म्हणून मिरवते. प्रत्यक्षांत ती जॉस कंपनीची होती. नांव घेतल्यानें कर्ता बदलत नाहीं. सर्व खुणा एकमुखानें बोलत नसतील, तर ‘कर्ता अज्ञात’ म्हणणें हाच त्या अनामिक कारागिराचा खरा मान होय.