थर्ड शिफ्ट आणि लिथियम

(लेखमाला : मनाचे आजार, घरची माणसं – भाग 7)

कधी उन्माद तर कधी खोल उदासी आणणाऱ्या बायपोलर आजाराची सुरुवात पुण्याजवळच्या चाकण-भोसरीच्या कारखान्यांच्या पट्ट्यात कधीकधी कौतुकाने होते. विशी-बाविशीतला पोरगा नुकताच कंपनीत लागलेला असतो. दोन-तीन तास झोपूनही ताजातवाना, स्वतःहून ओव्हरटाइम (ओटी) मागणारा. सुपरवायझर खूश, घरी आईही म्हणते, "मार्गी लागलं पोरगं." मग एक दिवस हप्त्यावर घेतलेली बुलेट दारात उभी राहते. रात्री अडीचला खात्यातून पैसे गेल्याचे मेसेज वाजू लागतात आणि अडवायला गेलेल्या बापाच्या अंगावर तो धावून जातो.

काही महिन्यांनी तोच पोरगा अंथरुणातून उठत नाही. घरचे डॉक्टरकडे नेतात ते बहुधा आता, आणि सांगतात एवढंच, की उदास असतो, जेवत नाही. आधीचे ओटीचे आठवडे कुणी सांगत नाही, कारण ते कुणाला आजारपण वाटलेलंच नसतं. मग नुसतं डिप्रेशन समजून फक्त त्यावरच्या गोळ्या सुरू होतात, आणि काहींना त्यातूनच उन्माद चढतो. म्हणून बुलेटसकट सगळं सांगायचं, पोरासमोर संकोच वाटला तरी.

माझ्या मते आपल्याकडे गोळीइतकाच कामाच्या पाळीचा प्रश्न मोठा आहे. झोप उडणं हे उन्मादाचं लक्षण आहे, तसंच त्याला निमित्तही होतं. घरचे "गोळी घेतलीस का?" हे दहादा विचारतात, पण "थर्ड शिफ्ट बंद करून घ्यायची का?" हे विचारत नाहीत. कंत्राटी पोराने असं काही मागितलं तर काय होतं, हे सगळ्यांना ठाऊक असतं! तरी आजाराचं नाव न घालता 'रात्रपाळी देऊ नये' एवढंच पत्र डॉक्टरांकडे मागून बघावं.

घरचे जिच्याबद्दल दहादा विचारतात ती गोळी पुष्कळदा लिथियमची असते. लिथियमचा उन्मादावर गुण येतो हे ऑस्ट्रेलियाच्या जॉन केड यांनी 1949 साली मांडलं. औषध जुनं, स्वस्त आणि आजही गुणकारी, पण मोजूनमापून घ्यायचं. रक्तातली पातळी साधारण लिटरमागे 0.6 ते 1.0 मिलिमोल असावी लागते आणि तपासणीचं रक्त शेवटच्या गोळीनंतर 12 तासांनी द्यायचं असतं. पाळी बदलली की गोळीची वेळ सरकते. सकाळी सातला ड्युटीवरून येऊन गोळी घेतली आणि नऊला लॅबमध्ये रक्त दिलं, तर आकडा फुगून येणारच. मे महिन्यातल्या शॉपफ्लोअरवरचा घाम, जुलाब, निर्जळी उपास, पाठ दुखते म्हणून मेडिकलमधून आणलेली आयब्युप्रोफेन, यांनी पातळी खरोखरच चढते. हात जोरात थरथरू लागले, चाल अडखळली, तर त्याच दिवशी दवाखाना गाठावा.

पैशांचंही बघायला हवं. कामगारांच्या राज्य विमा योजनेच्या (ईएसआय) दीर्घ आजारांच्या यादीत 'मॅनिक डिप्रेसिव्ह सायकोसिस' आहे. बायपोलरचंच हे जुनं नाव. आजारपणाच्या पहिल्या 91 दिवसांत पगाराच्या 70 टक्के आणि पुढे 80 टक्के भत्ता मिळतो, तोही 2 वर्षांपर्यंत. या वाढीव भत्त्याला अट अशी, की आधीची 2 वर्षं विम्याखालची सलग नोकरी हवी. ठेकेदार बदलला की पुष्कळदा नवा विमा क्रमांक काढला जातो आणि जुनी नोकरी हिशेबातून गळते. रुजू होतानाच जुना क्रमांक पुढे करावा.