माउंट न करता इमेज कशी भरायची?

कवठे महांकाळला एका विद्यार्थ्याने आम्हाला विचारलं होतं, "सर, लिनक्सची डिस्क इमेज बनवायची आहे, पण माउंट करायला रूटचा पासवर्ड लागतो. तो मला कोण देणार?" प्रश्न तांत्रिक वाटतो, पण मुळात तो अधिकाराचा आहे. हा अधिकार नेमका कशासाठी लागतो, ते आधी पाहू.

इमेज म्हणजे एक साधी फाइल. तिच्यात बाइट ठरलेल्या शिस्तीत मांडलेले असतात, एवढंच. आपल्याकडचं बेदाण्याचं कोल्ड स्टोरेज डोळ्यांपुढे आणा. आत पेट्या रचलेल्या आणि दाराशी नोंदवही: कुणाचा माल, कोणत्या रांगेत. एक्स्ट४ मध्ये ही वही म्हणजे सुपरब्लॉक, आयनोड आणि डिरेक्टरी. पहिला सुपरब्लॉक १०२४ बाइट सोडून सुरू होतो.

माउंट करणं म्हणजे कर्नलला सांगणं, की ही इमेज चालू यंत्राच्या फाइलींच्या झाडाला जोड. ते झाड सगळ्यांचं, म्हणून तिथे रूट लागतो. इमेजची फाइल मात्र आपली! वहीचे नियम ठाऊक असलेला प्रोग्राम तिच्यात थेट नोंद करू शकतो.

असा प्रोग्राम म्हणजे एमकेई२एफएस. २०१६ च्या १.४३ आवृत्तीपासून त्यात 'डॅश डी' हा पर्याय आहे. त्याला फोल्डर, इमेजचं नाव आणि आकार द्या. फाइलसिस्टिम तयारही होते आणि भरतेही. मागाहून एखादी फाइल घालायची, तर डीबगएफएस 'डॅश डब्ल्यू' देऊन उघडा आणि 'राइट' ही आज्ञा वापरा. फॅटच्या इमेजसाठी एमटूल्समधला एमकॉपी आहे.

इथे एक मेख आहे. फोल्डरमधल्या फाइलींचा मालक म्हणून त्या मुलाचा क्रमांक, समजा १०००, इमेजमध्येही उतरतो. सिस्टिमच्या फाइली तर रूटच्या, म्हणजे ० क्रमांकाच्या हव्यात. मग हेच काम फेकरूटखाली करावं. तो प्रोग्रामला मालक ० आहे असं भासवतो. खरा अधिकार काही देत नाही.

आणखी एक पथ्य. इमेज कुठे माउंट असेल तेव्हा तिच्यात बाहेरून लिहू नये; एका वहीत दोघे एकदम लिहायला बसले की हिशेब बिघडतो. शेवटी ई२एफएससीके चालवून तपासणी करावी.

त्या मुलाची इमेज संध्याकाळपर्यंत तयार झाली. पासवर्ड त्याला कुणी दिला नाही, आणि त्याची गरजही पडली नाही.