आधी थकलेला पगार द्या

"कामगार मन लावून काम करीत नाहीत," अशी तक्रार अंधेरीतील एका कारखानदाराने तडजोडीच्या बैठकीत केली. वर्षानुवर्षे कंत्राटावर राबविलेल्या, पगार थकविलेल्या माणसाचे मन कुठून लागणार? मी त्याला कुर्ल्याच्या कमानी ट्यूब्जचा दाखला दिला.

१९८८ साली सर्वोच्च न्यायालयाने ही आजारी कंपनी कामगारांच्याच सहकारी संस्थेकडे सोपविण्याच्या योजनेला मान्यता दिली. कारखाना पुन्हा सुरू झाला. पण मालकी आली म्हणून नेतृत्व आपोआप येत नाही, हे आपणही मान्य केले पाहिजे. कंपनी पुन्हा कर्जात बुडाली. २००६ साली कल्पना सरोज यांनी सूत्रे हाती घेतली. विदर्भातील दलित कुटुंबात जन्मलेल्या, मुंबईत शिवणकाम करून पोट भरलेल्या या बाईंना थकलेला पगार म्हणजे काय, हे कोणी शिकवावे लागले नाही. कामगारांची जुनी देणी त्यांनी चुकती केली, कंपनी सावरली. २०१३ साली त्यांना पद्मश्री मिळाली.

कारखानदार म्हणाला, "वकीलसाहेब, देणी दिली तर धंद्याला काय उरणार?"

त्याच्या सहा कामगारांचे वकीलपत्र माझ्याकडे आहे. पुढची तारीख सोमवारी आहे.